काचेखालचा फुगवटा

चपटेमास्तरांनी वाकून गाडीच्या दाराच्या खालच्या कडेला अंगठ्याने दाबले आणि दार हलकेच सुटून बाहेर आले.

"एवढंच," ते म्हणाले. "ओढायचं नाही. नुसतं सांगायचं."

डॉक्टरांच्या मुलीने आत हात घालून सीटवर राहिलेला कागद काढला. दातांचे डॉक्टर जाऊन तीन वर्षे झाली होती. तेव्हापासून त्यांची गाडी ती महिन्यातून एकदा चालवत होती आणि दर वेळी दाराशी तिची झटापट होत होती. गाडीला बाहेरून मुठीच नव्हत्या. अठ्ठावीस वर्षांपूर्वी मास्तरांनीच त्या काढून भोके बुजवली होती.

"हे वाचा, काका," ती म्हणाली.

कागद वाहन खात्याचा होता. ज्या गाडीचे अंग कारखान्याच्या नोंदीशी जुळत नाही, तिचा परवाना वर्षअखेर रद्द होणार होता. एक तर गाडी मूळ रूपात आणून तपासून घ्यायची, नाहीतर तोडणीला द्यायची. मास्तरांनी कागद उलटून मागची बाजूही पाहिली. तिसरा रस्ता तिकडेही नव्हता.

"मूळ रूपात," ते म्हणाले. "म्हणजे मी हात लावायच्या आधी होती तशी."

"हो. दोन गॅरेजवाल्यांना दाखवली मी. ते म्हणाले, कुठं कापलंय तेच कळत नाही, ज्यानं केलंय त्यालाच विचारा." ती जरा घुटमळली. "तुमच्याकडे हे मागायला मला लाज वाटतेय, काका. पण बाबांची गाडी तोडणीच्या यंत्रात गेलेली मला बघवणार नाही. तशी तर तशी, पण राहू दे."

मास्तरांनी दार लावून टाकले. 'तशी तर तशी' हे त्यांच्या फार जिव्हारी लागले, पण पोरगी खरे तेच बोलत होती.

चपटे हे त्यांचे आडनाव नव्हे. लोकांनी ठेवलेले नाव. समोर येईल ती गाडी हा माणूस चपटी करतो म्हणून चपटे, आणि पत्र्याच्या कामात त्यांच्यापुढे तोंड उघडायची कुणाची छाती नव्हती म्हणून मास्तर. विसाव्या वर्षी ते बसचे सांगाडे बांधणाऱ्या कारखान्यात पत्रे ठोकायला लागले. बस म्हणजे चाकांवरचे खोके. सहा वर्षे खोकी बांधून त्यांचा जीव विटला, तेव्हा एका सुट्टीत त्यांनी स्वतःच्या मोडक्या गाडीचा टप करवतीने उडवला, काचांमधले खांब चार इंचांनी छाटले आणि टप पुन्हा खाली बसवला. ती गाडी रस्त्यावर आली तेव्हा लोक खिडक्यांतून वाकून बघू लागले. कारखान्याच्या मुकादमाने मात्र काळजीने विचारले, "अपघात कुठं झाला रे?"

त्यानंतर चौतीस वर्षांत मास्तरांनी एकतीस गाड्या केल्या. केल्या म्हणजे कारखान्यातून आलेली गाडी उभी-आडवी कापली आणि तिची दुसरीच गाडी जन्माला घातली. गिऱ्हाईक आले की ते आधी त्याला चालायला लावत, बसायला लावत, जिना उतरायला लावत, आणि मग त्याच्यासाठी गाडी ठरवत. गाडी ठरली की वर्कशॉपच्या फरशीवर खडूने तिचे चित्र काढत, खऱ्या गाडीएवढे, गुडघ्यांवर सरकत सरकत. आणि गाडी बाहेर पडली की त्याच दिवशी बादल्या ओतून फरशी धुऊन टाकत. कागदावर एक रेघसुद्धा ठेवत नसत. "ठेवलं की पुन्हा तेच करावंसं वाटतं," असे त्यांचे म्हणणे. गाड्यांच्या सीट शिवणारी त्यांची बायको म्हणे, "एवढी मिजास बरी नव्हे हो." एकदा एका मासिकाने गाडीचा फोटो छापला, तोही डॉक्टरांच्या याच गाडीचा. फोटोखाली डॉक्टरांचे नाव होते आणि ज्या कंपनीने मूळ गाडी बनवली तिचेही होते. करणाऱ्याचे नाव द्यायची पद्धत नसावी.

त्या एकतीस गाड्यांपैकी काही आपटल्या, काही गंजल्या, काही वारसांनी फुंकून टाकल्या. नव्या नियमाचा सुगावा लागल्यावर उरलेल्या एकामागून एक तोडणीला गेल्या. वर्कशॉप बंद पडूनही आता नऊ वर्षे झाली होती. मास्तरांच्या मुलाने घेतलेली गाडी पांढरी होती आणि चौकोनी होती. तिच्यात बसले की मास्तर डोळे मिटून घेत, आणि मुलाला वाटे, बाबांना गाडी लागते.

राहिली होती ती ही गर्द जांभळी, डॉक्टरांची. चौतीस वर्षांच्या आयुष्याला बोट दाखवायला जगात एवढी एकच जागा होती.

मास्तरांनी लगेच होकार दिला नाही. दुसऱ्या दिवशी ठेवणीतला सदरा घालून ते डॉक्टरांच्या मुलीबरोबर वाहन खात्याच्या कचेरीत गेले. तिथला तपासनीस तरुण होता आणि सभ्य होता, त्यामुळे भांडायचीही सोय राहिली नाही. तो स्वतः उठून अंगणात आला आणि गाडीभोवती दोनदा फिरला.

"तुम्ही केलीत ही? हातानं?"

"हातानंच."

"फार सुंदर आहे हो."

"मग राहू द्या की," मास्तर म्हणाले. आयुष्यात त्यांनी कुणापुढे हात पसरले नव्हते, म्हणून त्यांना ते नीट जमलेही नाही. "तीस गेल्या. एकच उरलीय. एकीनं तुमच्या रस्त्यांचं काय वाईट होणार आहे?"

"माझं मत कुणी विचारत नाही, काका. मला हे देतात." तपासनीसाने काखेतले जाडजूड पुस्तक उघडले. त्यात त्या गाडीची कारखान्याने दिलेली चित्रे होती, समोरून, बाजूने आणि मागून, आणि प्रत्येक चित्रावर मापे. "यातलं माप जुळलं की मी सही करतो. नाही जुळलं की नाही करत."

"आणि थोडं जुळलं, थोडं नाही, तर?"

"म्हणजे नाहीच जुळलं."

मास्तर पुस्तकावर वाकले. चित्रातली गाडी त्यांना ओळखीची होती. डॉक्टरांनी ती पहिल्यांदा आणली तेव्हा अशीच होती, टोपी घातलेल्या कारकुनासारखी, कुणाच्या अध्यात ना मध्यात. तिला माणसात आणायला त्यांना चौदा महिने लागले होते. पुस्तक बघता बघता त्यांच्या नजरेने एक गोष्ट टिपली. मागच्या बाजूचे चित्र अगदी सरळ मागून काढलेले होते, त्यात पत्र्याचा उंचसखलपणा कळत नव्हता, आणि बाजूच्या चित्रात मागच्या काचेखालचा भाग मडगार्डाआड होता. मागच्या काचेखाली, डिकीच्या झाकणापर्यंत, जो पत्रा होता त्याला मास्तरांनी फुगवटा दिला होता. झोपलेल्या मांजराच्या पाठीएवढा, मध्ये अंगठाभर उंच आणि दोन्हीकडे विरत गेलेला. वितळलेले शिसे लाकडी थापीने लिंपायचे, कानशीने घासायचे, हात फिरवायचा, पुन्हा लिंपायचे, असे अकरा दिवस ते त्या एका जागेवर बसले होते. तो कधी कोणाच्या लक्षात आला नाही, कारण लक्षात येऊ नये असाच तो केला होता. पण तो नसता तर टप खाली घेतलेली ती गाडी मागून रुसल्यासारखी दिसली असती. सगळी गाडी त्या फुगवट्यावर तोललेली होती, आणि पुस्तकातल्या चित्रात तो असला काय आणि नसला काय, कळणार नव्हते.

"बरं," मास्तर म्हणाले. "करतो मी."

नऊ वर्षांनी वर्कशॉपचे कुलूप उघडले. मोडीत काढलेल्या गाड्यांच्या आवारातून तशाच जातीची एक गाडी आणली. ती खालून पार सडलेली होती, पण टप आणि खांब शाबूत होते. तो उंच टप काढून जांभळ्या गाडीवर चढवायचा होता, आणि त्यासाठी आधी मास्तरांनी बसवलेला टप कापायचा होता, बरोबर त्यांच्याच सांध्यावर. दुसरीकडे कापले असते तर खांब कच्चा राहिला असता.

मास्तरांनी डावा खांब धरला आणि बोटे फिरवली. वरून खाली, खालून वर. मग डोळे मिटून फिरवली. सांधा लागेना. कागदावर काही ठेवलेले नव्हते आणि फरशी तर त्यांनीच धुऊन टाकली होती.

बायको सीटची शिवण उसवायला आली होती. तिने थोडा वेळ बघितले.

"अहो, काय हरवलं?"

"सांधा."

"तुमचाच ना?"

"माझा आहे म्हणून तर सापडत नाहीये."

तिला हसू आले. मग त्यांनाही आले. बऱ्याच दिवसांनी दोघे त्या वर्कशॉपमध्ये हसले.

"डावीकडं बघा, काचेच्या खालच्या कडेपासून वीतभर वर," ती म्हणाली. "तिथं तुम्ही दोनदा कापलं होतं."

"दोनदा?"

"विसरलात? एका बाजूचं माप आतून घेतलंत आणि दुसऱ्या बाजूचं बाहेरून. टप डावीकडं खाली बसला. पुन्हा कापून जोडलात तरी अर्ध्या इंचाचा फरक राहिलाच. दोन दिवस अन्नाला शिवला नाहीत. मग ती चमकती पट्टी तिरपी ठोकलीत, म्हणजे बघणाऱ्याची नजर पट्टीवरच जाईल."

ती पट्टी साऱ्या शहराने डोक्यावर घेतली होती. गाडी पुढे झेपावते आहे असे वाटते, असे मासिकाने लिहिले होते. चपटेमास्तरांची तिरपी रेघ म्हणून लोक ओळखू लागले होते आणि ती त्यांची चूक लपवायची युक्ती होती, हे फक्त बायकोच्या लक्षात राहिले होते.

"पुढे आठ जणांनी तश्शीच पट्टी मागितली," बायको म्हणाली.

"मी नाही म्हणालो होतो."

"म्हणालात की. आणि सातांना लावून दिलीत."

त्यांनी वेल्डिंगची ज्योत बारीक केली आणि तिने सांगितलेल्या जागी धरली. जांभळा रंग फोडांसारखा वर आला, काळा पडला, गळून गेला. खालच्या शिशाला घाम फुटला आणि ते थेंब थेंब होऊन फरशीवर पडू लागले. मग पत्रा दिसला आणि पत्र्यावर जोडाची बारीक निळसर रांग, एकेक टाका सारख्या अंतरावर, चाळिशीतल्या माणसाच्या न थरथरणाऱ्या हाताने घातलेला. मास्तरांना रडू आले. त्यांनी ते लपवले नाही आणि बायकोनेही समजूत काढली नाही, कारण रडण्यासारखेच होते.

सात आठवडे काम चालले. आत ओढलेले दिवे पुन्हा बाहेर आले. दारांना मुठी बसल्या. लांबवलेली मडगार्डे कापून आखूड झाली. तिरपी पट्टी गेली आणि सरळ पट्टी आली. रोज ती गाडी थोडी थोडी कमी होत होती आणि तिच्या जागी पुस्तकातली येत होती. मास्तर हे काम वाईट करू शकले असते, पण वाईट करायचे कसे ते त्यांना येत नव्हते. काढलेला बुटका टप भिंतीशी टेकून उभा होता. भंगारवाला सडक्या गाडीचे उरलेसुरले घेऊन जायला आला तेव्हा तोही त्याच्या गाड्यावर चढला. मास्तर त्या वेळी मुद्दाम कोपऱ्यावर चहा प्यायला गेले. बायकोने मात्र फार सोहळे केले नाहीत. स्वतः शिवलेल्या बारीक चुणीच्या सीट तिने दोन दुपारी उसवून काढल्या, कारखान्यात असायचे तसले सपाट कापड चढवले आणि हात धुतले.

शेवटी रंगाच्या आधी ती गाडीमागे येऊन उभी राहिली.

"हे राहिलं," काचेखालच्या पत्र्याकडे बघत ती म्हणाली.

"राहू दे."

"राहू दे काय? त्या पोरीची गाडी जाईल."

"चित्रात दिसत नाही ते. मी बघितलंय."

"आणि सापडलं तर?"

मास्तरांनी हातातली कानस खाली ठेवली. "अगं, सगळं काढून दिलं मी. डोळ्यांदेखत काढून दिलं. एवढं वीतभर तरी माझं राहू दे ना. कुणाला कळलं नाही तरी चालेल. मला कळेल."

तिने त्यांच्याकडे पाहिले. या माणसाशी तिने चाळीस वर्षे तोंडाला तोंड दिले होते. आज तिने वाद सोडून दिला.

"मग कारखान्याचा राखाडी रंग तरी नीट द्या," ती म्हणाली. "डाग दिसायला नको."

ठरल्या दिवशी डॉक्टरांची मुलगी गाडी घेऊन कचेरीत आली. मुठीला धरून तिने दार उघडले, सहज, आणि मास्तरांकडे बघून कृतज्ञतेने हसली. तपासनीसाने फीत लावली. उंची जुळली, रुंदी जुळली, काचा जुळल्या, दिव्यांचे अंतर जुळले. पुस्तकातल्या रकान्यांवर एकेक खूण पडत गेली.

"कमाल आहे, काका," तो म्हणाला. "ही तीच गाडी म्हणून सांगितलं तर पटणार नाही कुणाला."

मग त्याने खिशातून एक लोहचुंबक काढला. पत्र्याला चुंबक चिकटतो, शिशाला चिकटत नाही. कुठे भरले आहे ते असे पाच मिनिटांत उघडे पडते. एवढी साधी गोष्ट, आणि ती मास्तरांच्या डोक्यातच आली नव्हती. आयुष्यभर त्यांनी माणसांच्या डोळ्यांना फसवायचा विचार केला होता.

चुंबक टपावर चिकटला, खांबांवर चिकटला, दारांवर चिकटला. मागच्या काचेखाली आला आणि घसरून तपासनीसाच्या तळहातात पडला. त्याने पुन्हा लावला. पुन्हा पडला. त्याने त्या जागेवर हात फिरवला, एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने.

"इथं शिसं आहे," तो म्हणाला.

डॉक्टरांच्या मुलीचा चेहरा उतरला. तिने मास्तरांकडे पाहिले. मास्तर जमिनीकडे बघत होते.

तपासनीस पुस्तकाची मागची पाने चाळू लागला. चांगला होता बिचारा, घाईने निकाल देणारा नव्हता. "इथं लिहिलंय, टपाचा आणि मागचा पत्रा जिथं जुळतो तिथं कारखान्यातसुद्धा शिसं भरायचे," तो वाचून म्हणाला. "किती ते दिलेलं नाही. पण हे थोडं वर आल्यासारखं लागतंय हाताला." त्याने पुस्तक मिटले. "काका, तुम्हीच सांगा. हे कारखान्याचं काम आहे, की तुमचं?"

चौतीस वर्षांत हा प्रश्न मास्तरांना कोणी विचारला नव्हता. मासिकवाल्यांनी विचारला नव्हता, वाहवा करणाऱ्यांनी विचारला नव्हता. आज एका माणसाने त्या फुगवट्यावर हात ठेवून, सरळपणे, हे तुमचे का म्हणून विचारले होते. 'माझं' एवढे म्हटले असते की झाले असते, आणि गाडी तोडणीला गेली असती, फुगवट्यासकट. शेजारी डॉक्टरांची मुलगी पर्सचा पट्टा दोन्ही हातांनी धरून उभी होती.

"कारखान्याचं," मास्तर म्हणाले.

"नक्की ना?"

"मी तिथं हात लावलेला नाही."

तपासनीसाने शेवटच्या रकान्यात खूण केली. "छान केलंय," तो म्हणाला. "तेव्हा कारखान्यातसुद्धा जीव लावून काम करायचे लोक."

"करत असतील," मास्तर म्हणाले.

डॉक्टरांच्या मुलीने सुटकेचा श्वास टाकला आणि रुमालाने डोळे टिपले. तपासनीसाने एक छापील कागद डिकीच्या झाकणावर ठेवला. सदर वाहनाच्या अंगात कारखान्याबाहेर घडवलेले काहीही शिल्लक नाही, असे त्यावर होते, आणि खाली काम करणाऱ्याच्या सहीसाठी ठिपक्यांची ओळ होती. मास्तरांनी पेन घेतले. एकतीस गाड्यांपैकी एकीवरही त्यांनी कधी सही केली नव्हती.

"कुठं?" त्यांनी विचारले.

तपासनीसाने बोट ठेवले. मास्तरांनी पूर्ण नाव लिहिले, सावकाश, एकेक अक्षर सुटे. शाई ओली होती, म्हणून कागद वाळेपर्यंत त्यांनी तो हातात धरून ठेवला.